हौशी छायाचित्रकाराला टीकाकार हवा

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा त्यांच्या मनात अर्थातच कामगार कायद्यांचा विषय होता. तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षावे? पण त्या विषयावर या गावात मी इतक्या वेळा बोललो आहे की, पुढच्या बाकावरची मंडळी माझे वाक्य माझ्या आधी पुरे करतात. म्हणून मी विषय बदलून मागितला. छायाचित्रणाचा मला नाद आहे. त्यात मी कोणी तज्ज्ञ नव्हे; माझ्या एकाही चित्राला कुठल्या प्रदर्शनात बक्षीस मिळालेले नाही. तथापि आपण काढलेले चित्र चार समव्यसनी लोकांपुढे ठेवणे, त्यांचे बोलणे निमूटपणे ऐकणे, आणि दुसऱ्याच्या चित्राविषयी त्याच्या उपयोगी पडेल असे काही बोलणे, या गोष्टीचा मी बराच अनुभव घेतला आहे. त्यात चुकाही केल्या आहेत. तेवढ्याच अधिकारावर हे लिहीत आहे.

आरंभ माझ्या फजितीपासूनच करतो. १९९४ साल होते. येथील औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात संप चालू होता. माझ्या मामाने त्याचा जुना आग्फा क्लिक थ्री कॅमेरा मला नुकताच देऊन टाकला होता. हा साधा, स्वस्त कॅमेरा बडोद्यास तयार होत असे आणि एके काळी आपल्याकडील कितीतरी घरांतले लग्न-मुंजीचे फोटो त्यानेच काढलेले आहेत. एका रोलवर बारा चौकोनी चित्रे निघत. संपाच्या एकोणिसाव्या दिवशी फाटकासमोर सभा झाली. ज्याने उभ्या नोकरीत कधी तोंड उघडले नव्हते असा एक म्हातारा कामगार त्या दिवशी आपण होऊन उभा राहिला, आणि असा बोलला की, माझ्या अंगावर काटा आला. मी बाराच्या बारा चित्रे तेथे खर्च केली. त्यांतले एक मला इतके आवडले की, त्याची मोठी प्रत करून घ्यावी म्हणून मी स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाले काका वयस्क आणि मितभाषी. त्यांनी चित्र हातात घेतले, चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे विचारले, “हे लग्न कुणाचं?”

मला मनस्वी राग आला. हा मनुष्य भांडवलदारांचा हस्तक असावा, असेही क्षणभर वाटून गेले. मी प्रत न करताच परत आलो आणि पुढे जवळजवळ दोन वर्षे कॅमेऱ्याला हात लावला नाही. कधीतरी सामान आवरताना ते चित्र पुन्हा हाती आले. आता पाहतो तो त्यात होते काय? पाठमोऱ्या माणसांचे खांदे, एक उघडलेली छत्री, वर भरपूर आभाळ, आणि मागे तांदळाच्या दाण्याएवढा एक माणूस हात वर करून उभा. फाटकावरचे मोठे कुलूप छत्रीच्या आड गेलेले. काका बरोबर होते. तो म्हातारा, त्याचा फुटलेला आवाज, एकोणीस दिवस बंद पडलेल्या चुली, हे सारे माझ्या डोक्यात होते. कागदावर त्यातले काहीच उतरले नव्हते.

माझ्या मते, या साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे. चित्र काढणाऱ्याला आपल्या चित्रात प्रसंग दिसतो, पाहणाऱ्याला मात्र कागद दिसतो. काढणाऱ्याला तेथला वारा आठवतो, वास आठवतो, त्या जागी पोहोचण्यासाठी चढलेला घाट आठवतो, आणि ही आठवण तो नकळत चित्रावर सारवून टाकतो. हा काही त्याचा अप्रामाणिकपणा नव्हे. मनाची घडणच तशी आहे. ती आठवण पुसण्याचे दोनच मार्ग मला ठाऊक आहेत. एक तर चित्र वर्ष-दोन वर्षे पेटीत ठेवून द्यावे, किंवा जो त्या प्रसंगी हजर नव्हता अशा माणसाला ते दाखवावे. पहिला मार्ग खात्रीचा, पण फार लांबचा. दुसऱ्याला टीकाकार म्हणतात.

आता कोणी म्हणेल की, चित्रे दाखवायला आज काय तोटा आहे? खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे, काढले की लगेच शंभर लोकांना पाठवता येते आणि लगेच शंभर अंगठे परतही येतात. येतात खरे. पण त्या अंगठ्याने मला काय सांगितले? माझ्या भाचीने सूर्यास्ताचे चित्र पाठवले की मीही अंगठा पाठवतो, कारण ती माझी भाची आहे. तो अंगठा चित्राला नसून नात्याला असतो. याच्या उलट टोकाला प्रदर्शने आणि स्पर्धा. आपल्या देशात १९५३ सालापासून फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी ही संस्था हौशी छायाचित्रकारांना एकत्र आणण्याचे काम करीत आली आहे, आणि ठिकठिकाणच्या क्लबांतर्फे मोठी प्रदर्शने भरतात. तेथे परीक्षक नात्यातले नसतात आणि निवड कसोशीने होते. परंतु शेकडो चित्रांपुढे प्रत्येकी काही सेकंदच मिळणार. तेव्हा उत्तर येते ते ‘स्वीकृत’ किंवा ‘अस्वीकृत’ असे, फार तर सोबत गुणांचा आकडा. का, ते कोण सांगणार? कामगाराला नोकरीवरून काढताना कारण द्यावे लागते. चित्राला तेवढेही संरक्षण नाही.

या दोहोंच्या मधली जी जागा आहे तीत दहा-बारा माणसे, पुरेसा वेळ आणि प्रत्येक चित्रावर सकारण बोलणे एवढे असले की झाले. ही कल्पना नवी नाही. लंडनला छायाचित्रकारांची संस्था १८५३ साली निघाली, आणि त्यानंतर एकाच वर्षात, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. आपली पहिली आगगाडी धावून जेमतेम दीड वर्ष होत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे मुंबईकरांच्या उत्साहाचे कौतुक वाटते. संस्था मुख्यतः साहेबलोकांची असली तरी भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रण शिकवण्याचा वर्ग निघाला; त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नामांकित छायाचित्रकार झाले. १८६१ साली न्यूयॉर्कमध्ये हौशी लोकांनी एक मंडळ काढले, ज्यातले सभासद टपालाने एकमेकांना चित्रे पाठवीत. इंग्लंडात तर चित्रांची पेटी घरोघर टपालाने फिरवण्याची रीत पडली. प्रत्येकाने पेटीतल्या प्रत्येक चित्राच्या कागदावर आपला अभिप्राय लिहायचा, आपले जुने चित्र काढून घेऊन नवे ठेवायचे आणि पेटी पुढच्या सभासदाकडे रवाना करायची. आपल्याकडच्या हस्तलिखित मासिकांची ज्यांना आठवण आहे, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

मला स्वतःला अधिक जवळचा वाटतो तो जर्मनीचा इतिहास. त्याची माहिती मला कुणी वर्गात दिली नाही. माझे शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही झाले ते १८२८ सालापासून चालत आलेल्या आपल्या नगर वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीतील कपाटापाशी. तर १९२६ साली जर्मनीतल्या एका सचित्र कामगार साप्ताहिकाने वाचकांना आवाहन केले की, आमच्याकडे तुमच्या जीवनाची चित्रे नाहीत, ती तुम्हीच काढून पाठवा. पत्रांना चित्रे पुरवणाऱ्या संस्था राजवाड्यांची आणि घोड्यांच्या शर्यतींची चित्रे पुरवीत. गिरणीतल्या खात्याचे चित्र त्यांच्यापाशी नसे. कामगारांनी चित्रे पाठवली, आणि त्यांतली पुष्कळशी छापण्याजोगी नव्हती. माझ्या १९९४ च्या चित्रासारखीच असणार! तेव्हा त्याच वर्षी ‘डेर आर्बायटर-फोटोग्राफ’, म्हणजे कामगार-छायाचित्रकार, या नावाचे मासिक निघाले. गावोगावी मंडळे झाली. त्या मासिकात सभासदांची चित्रे छापून त्यांच्या गुणदोषांची चर्चा होत असे. दिवसभर यंत्रापुढे उभा राहणारा माणूस दुसऱ्या तशाच माणसाला सांगतो आहे की, गड्या, तुझे यंत्र दिसते पण ते चालवणारा दिसत नाही. असला संवाद त्यापूर्वी कुठे झाला असेल असे मला वाटत नाही. १९३३ मध्ये हिटलरची सत्ता आल्यावर हे सारे बंद पडले. न्यूयॉर्कमध्ये १९३६ पासून फोटो लीग नावाची अशीच एक संस्था होती. स्वस्त अंधारखोली, वर्ग, व्याख्याने आणि एकमेकांच्या चित्रांची परखड चिकित्सा हे तिचे काम. १९४७ साली अमेरिकन सरकारने तिचे नाव संशयास्पद संस्थांच्या यादीत घातले आणि १९५१ साली ती संपली. सत्ताधीशांना एवढ्याशा मंडळांची भीती का वाटावी, हा एक स्वतंत्र विषय आहे.

या जर्मन मंडळांचा एक दोषही सांगितला पाहिजे, कारण तो माझ्याच घरातला दोष आहे. चित्र चळवळीच्या कामाचे आहे की नाही, या प्रश्नाची त्यांना कधी कधी इतकी घाई असे की, चित्रात काय आहे ते नीट पाहण्याआधीच निकाल लागे. निकालाची घाई ही आम्हा चळवळीतल्या लोकांची जुनी खोड आहे. तिने माझ्या हातून काय झाले ते आता सांगतो.

आमची एक लहानशी बैठक आहे. तिला नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही. आयुष्यात एवढी एक तरी संस्था बिनघटनेची असावी अशी माझी इच्छा होती. एक निवृत्त एस. टी. कंडक्टर, एक शाळामास्तर, एक शिंपी, एक परिचारिका, होड्यांची इंजिने दुरुस्त करणारा एक मेस्त्री, दोन-तीन कॉलेजचे विद्यार्थी असे आम्ही महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी पडवीत जमतो. बरीच वर्षे झाली, एकदा आय.टी.आय.मध्ये शिकणारा एक मुलगा पहिल्यांदाच आला. त्याने एकच चित्र आणले होते. कुठलासा लांबट बोळ, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती, आणि फाटकाकडे चालत जाणारा एक पाठमोरा माणूस, पुसट झालेला. मी चित्र हातात घेतले न घेतले तोच म्हणालो, “हात हलला. ऊठसूट काढलेलं दिसतंय. याला चित्र कसं म्हणायचं?” दोघेतिघे हसले. मुलाने चित्र पिशवीत ठेवले, चहा घेतला आणि तो गेला. पुन्हा आला नाही.

दोन महिन्यांनी मला समजले की, त्या चित्रातला माणूस त्याचे वडील होते आणि तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. ते आमच्या संघटनेचे सव्वीस वर्षांचे सभासद. त्यांच्या निरोपसमारंभात मी हार घालून पाव तास भाषण केले होते. मी त्यांच्या घरी गेलो. चित्र चौकटीत घालून भिंतीवर लावलेले होते. वडील कौतुकाने म्हणाले, “पोरानं काढलाय.” मी जवळ जाऊन प्रथमच नीट पाहिले. भिंतीची वीट न् वीट स्वच्छ दिसत होती. विटांमधला चुनासुद्धा दिसत होता.

याचा अर्थ काय, ते कॅमेरा न वापरणाऱ्यांसाठी सांगतो. उजेड कमी असला की कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी राहते. सेकंदाचा पंधरावा भाग म्हणा. तेवढ्यात काढणाऱ्याचा हात हलला तर भिंत, जमीन, माणूस सारेच एका दिशेने पुसले जाते. हात स्थिर असला आणि माणूस चालत असला, तर भिंत स्वच्छ राहते आणि फक्त माणूस पुसट होतो. मुलाचा हात हललेला नव्हता. त्याने कॅमेरा कशावर तरी टेकवून, श्वास रोखून ते चित्र काढले असणार. चालते झालेले होते ते वडील. म्हणजे मी नुसता उर्मट नव्हतो, चूकही होतो, आणि चूक एवढ्याचसाठी की मी पाहिलेच नव्हते. मी मुलाची क्षमा मागितली. तो म्हणाला, “नाही काका, तुम्ही म्हणालात ते बरोबरच होतं. हललंच होतं.” एखाद्या मुकादमापुढे कामगार ज्या आवाजात बोलतो, तो आवाज मी ओळखतो. तो त्याने माझ्याशी लावला होता.

त्या रविवारनंतर आमच्या बैठकीची रीत बदलली. चित्र भिंतीला टेकवून ठेवायचे, कुणाचे ते सांगायचे नाही. पहिली दोन-तीन मिनिटे कुणीच बोलायचे नाही. मग प्रत्येकाने एक-दोन वाक्यांत, आपल्याला चित्रात काय दिसते एवढेच सांगायचे. चांगले की वाईट हा शब्द काढायचा नाही. ‘बोळ आहे. एक माणूस जातो आहे. त्याच्याआधी मला विटा दिसल्या.’ बस्स. काढणाऱ्याने या वेळात गप्प बसायचे, आणि हे गप्प बसणे फार अवघड जाते. जो तो ‘त्याचं काय झालं, तिथे उजेडच नव्हता’ असे सांगायला उतावीळ असतो. पण त्याने प्रसंग सांगितला की आमचा डोळा बिघडला. मग आम्हालाही कागदाऐवजी प्रसंग दिसू लागतो. सर्वांचे झाले म्हणजे त्याने सांगायचे, मला काय दाखवायचे होते. त्याला दाखवायचे होते ते आणि आम्हाला दिसले ते, यांत जेवढे अंतर पडले तेवढ्यावरच पुढे चर्चा करायची. अंतर पडले नसेल तर चर्चा नाही, चहा.

दोष सांगताना तो जागेवर बोट ठेवून सांगावा लागतो. हे मला मागणीपत्रांनी शिकवले. ‘कामाची परिस्थिती सुधारावी’ असे कलम घाला. व्यवस्थापक मान डोलावतात, इतिवृत्तात नोंद होते आणि सारे आहे तेथेच राहते. ‘रंगखात्यात मागच्या भिंतीला झरोका नाही’ असे लिहा. मग उत्तर द्यावेच लागते. तसेच ‘मजा नाही आली’ हे कलम निरुपयोगी. ‘उजव्या कोपऱ्यातली पांढरी बादली माझा डोळा ओढते, मी चेहऱ्यापर्यंत पोहोचतच नाही’, हे कलम उपयोगी, कारण बादली उचलता येते. स्तुतीलाही हाच नियम लावावा. ‘छान’ म्हणण्याने काढणाऱ्याला पुढच्या खेपेला काय पुन्हा करावे ते कळत नाही.

साधनेही साधी आहेत. जाड पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे कापून घ्यावेत. ते चित्रावर समोरासमोर ठेवून पुढेमागे सरकवले की चौकट लहानमोठी करून पाहता येते; कात्री न लावता कळते की, डावीकडचा तिसरा भाग गेला तर बिघडते की सुधारते. चित्र उलटे धरून पाहावे. उलटे धरले की त्यातला माणूस, झाड, देऊळ ओळखू येईनासे होते आणि नुसते काळे-पांढरे वजन दिसू लागते. कुठे भार जास्त झाला ते ध्यानात येते. पाहुणे आम्हाला वेडे समजतात, तिकडे लक्ष देऊ नये.

आपल्या कोकणातल्या उजेडाविषयीही एक गोष्ट बैठकीत वारंवार निघते. भाट्याच्या वाळूवर ऐन उन्हात काढलेली चित्रे मळकट का येतात? कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी राखी रंगाचे आहे असे धरून चालतो. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारे. लखलखती वाळू त्याच्यापुढे आली की तो तिलाही राखी करून टाकतो. तेथे त्याचे न ऐकता थोडा जास्त प्रकाश द्यावा लागतो. उलट अंधाऱ्या माजघरात तो काळोखालाही राखी करू पाहतो, आणि खिडकीशी बसलेल्या आजीचा चेहरा पांढराफटक होतो. तेथे प्रकाश कमी द्यावा. मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी मित्राला समुद्राकडे पाठ करून उभे केले तर त्याचा चेहरा काळा पडतो तोही याच हिशेबाने. यंत्राला सरासरी कळते, माणूस कळत नाही. आमच्या शिंप्याला हे एकदा सांगितल्यावर तो म्हणाला, “म्हणजे रेडिमेड कपड्यासारखं.” याहून चांगले स्पष्टीकरण मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही.

सर्वांनी सांगितले म्हणून काढणाऱ्याने ऐकलेच पाहिजे असे मात्र नाही. आमच्या परिचारिकाबाईंनी एकदा पावसाळ्यातल्या एस. टी. स्थानकाचे चित्र आणले. एका टोकाला बाकावर एक बाई, आणि बाकी अर्धेअधिक चित्र रिकामे, ओली फरशी. आम्ही सगळ्यांनी पुठ्ठे सरकवून फरशी कापायला सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि नकार दिला. वर्षभराने तेच चित्र पुन्हा पाहिले तेव्हा मला कळले की, ती रिकामी फरशी म्हणजेच त्या बाईचे वाट पाहणे होते. बहुमताने चालणाऱ्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या मला हे मान्य करायला जड गेले. पण संपाचा ठराव बहुमताने होतो, चित्राचा होत नाही.

आणि टीकाकार छायाचित्रकारच असला पाहिजे, असेही नाही. आमच्या मेस्त्रींनी एकदा मिरकरवाडा बंदरातले एक चित्र आणले होते. कोवळे ऊन, मागे रंगीत होड्या, पुढे डोक्यावर पाटी घेतलेली हसरी मासेविक्री. आम्ही खूश. उजेड कुठून आला, निळ्यापुढे लाल कसे खुलले, यावर बरेच बोललो. त्या दिवशी बैठक मेस्त्रींच्या पडवीत होती आणि शेजारची एक मासळीवाली दारातून पाहत होती. ती म्हणाली, “पाटी रिकामी आहे. सकाळच्या वेळेला रिकामी पाटी डोक्यावर घेऊन हसत कोण उभी राहते? हिला तुम्ही उभी केलीत.” मेस्त्री खजील झाले. त्यांनी वीस रुपये देऊन तिला उभी केली होती. शेजारीण पुढे म्हणाली, “नाव काय तिचं?” तेही त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही दहा जण अर्धा तास चित्र पाहत होतो. पाटी हलकी आहे हे एकाच्याही ध्यानात आले नव्हते. जिची मान त्या ओझ्याने दुखते तिला ते एका नजरेत दिसले. पुढल्या खेपेस मेस्त्री दुसरे चित्र घेऊन आले. लिलाव चालू आहे, तीच बाई भरल्या पाटीमागे उकिडवी बसून बोली लावणाऱ्याच्या तोंडाकडे पाहते आहे. चेहरा अर्धाच दिसतो. उजेड पहिल्याइतका गोड नाही. चित्राच्या मागे पेन्सिलीने तिचे नाव लिहिलेले होते आणि एक प्रत तिच्या घरी पोचली होती.

‘पुढल्या खेपेस’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्याकडे नाटकवेडे लोक पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्या भाषेत सांगतो. तालमीत दिग्दर्शक म्हणतो, ‘तू आत येताना घाई करतोस’, आणि नट रागावत नाही. कारण प्रयोग अजून व्हायचा आहे. तेच वाक्य प्रयोगानंतर रंगपटात म्हटले तर भांडण होते. हौशी माणूस चित्र आणतो तो प्रयोग झाला असे समजून आणतो, आणि आम्ही तालीम समजून बोलतो. पुष्कळसे रुसवे येथून निघतात. म्हणून आता कुणी चित्र आणले की आम्ही प्रथम विचारतो, तिथे पुन्हा जाता येईल का? जाता येत असेल तर टीका सविस्तर करतो. जाता येण्यासारखे नसेल, जसे त्या मुलाचे होते, तर काय दिसले एवढेच सांगतो आणि थांबतो.

आमच्या शाळामास्तरांना सध्या कातळशिल्पांचा ध्यास लागला आहे. आपल्या सड्यांवरची ही जुनी खोदचित्रे २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तेव्हापासून तेथे जाणारे वाढले आहेत. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर प्रचंड हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी. मास्तरांनी पहिले चित्र आणले ते दुपारी बाराचे. आम्हाला तांबूस खडक दिसला, बाकी काही नाही. मास्तर रेषेवरून बोट फिरवू लागले, ‘ही बघा सोंड’. आम्ही त्यांना गप्प बसवले. कातळात खोदलेली रेषा उथळ असते. सूर्य माथ्यावर असला की तिच्या तळापर्यंत उजेड जातो आणि ती बुजते. सूर्य कलता असला की रेषेच्या एका काठाची सावली आत पडते आणि ती उठून दिसते. तेव्हा कंडक्टर म्हणाले, पहाटेच्या गाडीने जा. कुणीतरी रेषेत रांगोळी भरावी असे सुचवले, त्याला मास्तरांनीच विरोध केला, आणि तो योग्य होता. हजारो वर्षांच्या खोदकामात आपली पूड कालवून मिळवलेले चित्र काय कामाचे? दुसऱ्या खेपेला ते सकाळी सातला गेले. रेषा उठल्या, पण हत्ती एवढा मोठा की जमिनीवर उभे राहून तो चौकटीत मावेना. पाय लांबट, डोके चपटे, असा विचित्र प्राणी झाला. परिचारिकाबाई म्हणाल्या, सगळा हत्ती हवाच कशाला?

तिसरी खेप आंब्याचे दिवस संपायच्या आत करायची आहे. पाऊस लागला की सड्यावर गवत आणि पाणी होते, आणि कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी धरते ती वेगळीच. भिंगे कोरड्या डब्यात ठेवावीत. बैठक मात्र पावसाळ्यातही चालते. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी मला या व्याख्यानानंतर भेटावे. चित्र कागदावर छापून आणावे, पोस्टकार्डाहून मोठे. पुढच्या बाजूला नाव घालू नये. मागे, चित्रात जो माणूस असेल त्याचे नाव ठाऊक असल्यास लिहावे.